वाऱ्याची परतवाट आणि विजेची तार

पेण आणि रोहा हीं पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतील दोन जुनीं गांवें. एकाचा व्यवहार खाडीशीं जडलेला, दुसऱ्याचा कुंडलिका नदीशीं. दोन्ही गांवांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलाव्यानें इतकी जड होते, कीं दोरीवर टाकलेलें धोतर दोन दोन दिवस वाळत नाहीं. आणि वैशाखांत ती इतकी कुंद होते, कीं दुपारीं पडवींत बसलेल्या माणसाच्या हातांतला पंखा क्षणभर थांबला तरी कपाळावर घाम येतो. या हवेशीं कसें वागावें, हें येथें घरें बांधणाऱ्या जुन्या कारागिरांना चांगलें ठाऊक होतें. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर अशी एकामागें एक रचना, समोरासमोर दारें, भिंतीच्या माथ्याशीं झरोका आणि सर्वांवर कौलांचें छप्पर, ही त्यांची युक्ति होती. घरांतील हवा तापली कीं हलकी होई, वर चढे आणि कौलांच्या फटींतून निघून जाई. तिची जागा घ्यावयास पडवींतून दुसरी हवा आपोआप आंत येई. घरांत येणाऱ्या वाऱ्याला जावयाची वाट ठेविली पाहिजे, हा नियम कोणी ग्रंथांत वाचला नव्हता. परंतु तो प्रत्येक भिंतींत पाळलेला होता.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हाच नियम पोटापाण्याचा नियम आहे. शाडूची ओली मूर्ति कडक उन्हांत ठेविली तर तडकते आणि कोंदट खोलींत ठेविली तर वाळत नाहीं. तिला सांवली हवी आणि खेळता वारा हवा. ज्या खोलींत हवा एका बाजूनें येते आणि दुसऱ्या बाजूनें जाते, तीच खोली मूर्तिकाराला उपयोगी. वारा नुसता आंत येऊन भागत नाहीं. तो बाहेरही पडावा लागतो, ही गोष्ट तेथल्या लहान मुलालाही सांगावी लागत नाहीं.

आतां कौलांची जागा स्लॅबनें घेतली आहे, झरोक्यांची जागा काचेच्या तावदानांनीं घेतली आहे, आणि ऐपतीच्या घरांतून हवा थंड करणारें यंत्र आलें आहे. यंत्र आलें तरी नियम बदललेला नाहीं. भिंतीवर टांगलेलें साधें यंत्र आपल्या माथ्याकडून खोलींतील हवा ओढून घेतें, थंड करितें आणि खालच्या बाजूनें परत सोडतें. म्हणून तेथें येण्याजाण्याचा प्रश्न त्याच्या पोटांतच सुटतो. परंतु अलीकडे कित्येक नव्या बंगल्यांतून एकच मोठें यंत्र माळ्यावर किंवा लटकत्या छताआड लपवितात आणि पत्र्याच्या मार्गांनीं थंड हवा निरनिराळ्या खोल्यांत नेतात. अशा योजनेंत दोन प्रकारच्या जाळ्या असतात. एका जाळींतून थंड हवा खोलींत पडते. दुसरींतून खोलींतली हवा यंत्राकडे परत जाते. पहिल्या जाळीकडे सर्वांचें लक्ष असतें, कारण तिच्यासमोर उभें राहिलें कीं गार वाटतें. दुसरी बिचारी कोपऱ्यांत धूळ खात असते. परंतु सगळ्या योजनेचा श्वास या परतीच्या जाळींतून चालतो. ती अडली तर यंत्र गुदमरतें, विजेचें बिल वाढतें, थंड करणाऱ्या नळ्यांवर बर्फ धरतें, आणि शेवटीं खोली उकडतच राहते.

परतीची जाळी चुकीच्या जागीं बसली तर काय होतें, हें समजण्यासाठीं रोह्यांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. घर वडिलोपार्जित, परंतु मागची बाजू पाडून नव्यानें बांधलेली. न्हाणीघरावर माळा आहे आणि त्या माळ्यावर यंत्र बसविलें आहे. माळ्याची एक भिंत स्वयंपाकघराकडे आहे आणि दुसरी मधल्या बोळाकडे. यंत्र बसविणाऱ्यानें सोयीसाठीं परतीची जाळी स्वयंपाकघराच्या बाजूला काढली. परिणाम असा झाला, कीं सकाळीं कढईंत मोहरी तडतडली कीं पांच मिनिटांत तिचा खाट आजींच्या खोलींत पोंचूं लागला. तेलाचा सूक्ष्म अंश गाळणीवर बसून ती महिन्याभरांत चिकट होऊं लागली. शिवाय रात्रीं आजी आपल्या खोलीचें दार लावून घेत, तेव्हां खोलींत पडणाऱ्या हवेला परत जावयास वाट उरत नसे. खोलींत हवेचा दाब किंचित् वाढे आणि नवी थंड हवा आंत शिरेनाशी होई. आजी म्हणत, "तुमचें तें यंत्र माझ्या खोलीपर्यंत येतां येतां दमतें." त्यांचें म्हणणें शास्त्रदृष्ट्या अगदीं बरोबर होतें.

तेव्हां परतीची जाळी स्वयंपाकघराच्या भिंतींतून काढून बोळाच्या भिंतींत न्यावी, असें घरांतील कर्त्या पुरुषानें ठरविलें. विचार योग्यच होता. गवंडी बोलाविला. त्यानें भिंतीवर बोटें वाजवून पाहिलीं आणि तो म्हणाला, "नाना, भिंत विटांची आहे. जेवणाच्या आधीं भोंक पाडून देतों." तेवढ्यांत आजी दारांतून म्हणाल्या, "अरे, आधीं त्या वायरमनच्या पोराला बोलवा. त्या भिंतींतून तारा गेल्या आहेत. प्लास्टर होण्याआधीं मीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत."

आजींच्या या एका वाक्यांत या सर्व विषयाचें मर्म आहे. भिंत वरून कोरी दिसते. परंतु आजच्या घरांतील कोणतीही भिंत कोरी नसते.

वीज या भागाला परकी नाहीं. टाटांच्या योजनेंतील पहिलें वीजघर खोपोलीस १९१५ सालीं सुरू झालें, दुसरें भिवपुरीस १९२२ सालीं, आणि तिसरें सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें १९२७ सालीं. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीस धरण झालें, आणि ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालापासून सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. घाटमाथ्याचें तें पाणी नळांतून खालीं कोसळतें, चक्रें फिरवितें आणि पुढें कुंडलिकेला मिळतें. कोलाडजवळ रबरी होड्यांतून जे हौशी प्रवासी जातात, ते याच सोडलेल्या पाण्यावर तरंगत असतात, आणि तेंच पाणी पुढें रोह्यावरून खाडीकडे जातें. पाणी रोह्याला मिळालें; वीज मात्र प्रथम तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. खेडोपाडीं घरांत दिवा लागावयास १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन व्हावें लागलें आणि त्यानंतरही बरीच वर्षें जावीं लागलीं.

या इतिहासाचा घरांतील भिंतीशीं निकट संबंध आहे. ज्या घरांत वीज लौकर आली, तेथें प्रथम लाकडी पट्ट्यांवर चिमट्यांनीं धरलेल्या तारा होत्या. त्या डोळ्यांना दिसत. त्यांच्यावरील रबराचें वेष्टन वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें कडक होऊन तडे जात. परंतु तडा गेला तर तो दिसे तरी. पुढें प्लास्टिकच्या वेष्टनाच्या तारा आल्या, आणि त्यानंतर तारा नळींत घालून भिंतीच्या पोटांत पुरण्याची चाल पडली. घर सुंदर दिसूं लागलें. तार मात्र विस्मरणांत गेली. एकाच घरांत जुन्या भागांत एका पिढीची तार आणि नव्या भागांत दुसऱ्या पिढीची तार, आणि दोहोंचा सांधा कोठें आहे हें कोणालाच ठाऊक नाहीं, अशी स्थिति सर्रास आढळते.

वाऱ्याची वाट आणि विजेची तार एकमेकांजवळ आल्या म्हणजे चार प्रकारचे धोके उत्पन्न होतात. ते नीट समजले तर पुढील सर्व खबरदारी आपोआप समजते.

पहिला धोका अगदीं उघड आहे. छिन्नी किंवा छिद्रक यंत्र तारेवर बसतें. घरांतील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. माणसाच्या शरीरांतून एका अँपिअरच्या हजाराव्या भागांनीं मोजावा इतका प्रवाह, म्हणजे पन्नास-शंभर मिलिअँपिअर गेला, तरी हृदयाची गति बिघडूं शकते. फ्यूज किंवा एमसीबी मात्र कित्येक अँपिअर प्रवाह वाहूं लागल्याशिवाय तुटत नाहीं. म्हणजे फ्यूज तारेला आणि घराला वांचवितो. माणसाला वांचविण्याचें काम त्याचें नव्हे. त्यासाठीं आरसीसीबी नांवाचें निराळें उपकरण असतें. आंत गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची तें सतत तुलना करितें, आणि तीस मिलिअँपिअरच्या आसपास तफावत दिसली कीं क्षणार्धांत पुरवठा तोडतें. येथेंही हिशेब जाणें-येणें जुळण्याचाच आहे.

दुसरा धोका सावकाश येणारा आहे. परतीचा मार्ग नेहमीं ओढीखालीं असतो. म्हणजे त्याच्या आजूबाजूला जेथें फट असेल तेथून तो हवा ओढून घेतो. विजेच्या नळ्या, बटणांच्या पेट्या, तारांसाठीं पाडलेलीं छिद्रें, या सर्व त्याला फटीच होत. पेणसारख्या खाडीजवळच्या गांवीं ही हवा खारट आणि दमट असते. ती बटणांच्या पेट्यांतून जाऊं लागली कीं धूळ आणि ओलावा तांब्याच्या टोकांवर बसतो, सांधे हिरवट पडतात, त्यांचा विरोध वाढतो आणि ते तापूं लागतात. जवळून थंड हवेचा पत्र्याचा मार्ग जात असेल आणि त्यावरील आच्छादन फाटलेलें असेल, तर पावसाळ्यांत त्या पत्र्याला थंड पाण्याच्या तांब्यासारखा घाम सुटतो, आणि त्याचे थेंब खालच्या तारेवर ठिबकत राहतात.

तिसरा धोका आगीचा. सैल सांधा तापला, वेष्टन जळूं लागलें, तर साध्या खोलींत धूर प्रथम त्या खोलींत भरतो आणि माणसें जागीं होतात. परंतु तोच सांधा परतीच्या मार्गांत असेल तर पंखा तो धूर ओढून घेतो आणि थंड हवेबरोबर घरांतील प्रत्येक निजलेल्या माणसाच्या उशाशीं नेऊन सोडतो. प्लास्टिकच्या साध्या वेष्टनाच्या धुरांत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. ती डोळे आणि श्वासनलिका जाळते. माणसें आगीनें मरण्याआधीं धुरानें मरतात. म्हणून वाऱ्याच्या मार्गांत उघडी तार किंवा तारेचा सांधा असतां कामा नये.

चौथा धोका जाळीचाच. जाळी बहुधा धातूची असते. तिच्या चौकटीचा स्क्रू तारेंत शिरला किंवा खरवडलेली तार तिला टेकली, तर जाळींत वीज उतरते. गाळणी धुण्यासाठीं जो तिला हात लावील, आणि तो हात बहुधा ओला असेल, त्याच्यावर प्रसंग ओढवतो.

रोह्याच्या त्या घरांत वायरमन आला, तेव्हां त्यानें प्रथम छिन्नी बाजूला ठेवावयास सांगितली. बोळांत विजेची मुख्य पेटी होती आणि तिच्यांतून चार नळ्या भिंतींतून वर गेल्या होत्या. साधारण नियम असा, कीं पुरलेली तार बटणापासून सरळ वर किंवा सरळ खालीं जाते आणि छताच्या खालून आडवी जाते. म्हणून प्रत्येक बटणाच्या वरची व खालची उभी पट्टी आणि छतालगतची आडवी पट्टी वर्ज्य समजावी. परंतु नियम पाळणारा प्रत्येक कारागीर असतोच असें नाहीं. चार वाव तार वांचावी म्हणून तिरपी नळी टाकणारेही असतात. त्यामुळें केवळ अंदाजावर न जातां तार शोधणाऱ्या उपकरणानें भिंत तपासावी आणि सांपडलेल्या वाटा खडूनें भिंतीवर आंखाव्या.

नाना म्हणाले, "मेन बंद केला कीं झालें ना?"

वायरमननें मेन बंद केला. दिवे गेले, यंत्र थांबलें. आणि आजींच्या खोलींतला पंखा फिरतच राहिला.

"नाना, इन्व्हर्टर चालू आहे," तो म्हणाला. "मेन बंद केला म्हणजे बाहेरची वीज गेली, घरांतली बॅटरी अजून जागी आहे."

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे खांब कोलमडले आणि कित्येक गांवांना बरेच दिवस अंधारांत काढावे लागले. त्यापूर्वींचीं भारनियमनाचीं वर्षेंही लोकांच्या आठवणींत आहेत. अशा अनुभवांनीं ज्यांनीं इन्व्हर्टर घेतला, त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. परंतु इन्व्हर्टर असलेल्या घरांत मेन स्विच हा शेवटचा शब्द नव्हे, ही गोष्ट घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. इन्व्हर्टर बंद करून त्याच्या बॅटरीचें जोड सोडविल्याखेरीज, आणि गच्चीवर सूर्यविजेचीं पटलें असतील तर तींही तोडल्याखेरीज, भिंत मृत झाली असें म्हणतां येत नाहीं. त्यानंतरही तपासणी हवी. आणि तपासणीचें साधन प्रथम चालू जागेवर लावून तें स्वतः ठीक आहे, हें पाहून घ्यावें. बंद पडलेला टेस्टर आणि वीज नसलेली तार दोन्ही सारखींच गप्प असतात.

खडूच्या रेघा भिंतीवर उमटल्या, तेव्हां गवंडी थोडा गंभीर झाला. तीन नळ्या सरळ वर गेल्या होत्या. चौथी मात्र तिरपी होऊन, ज्या चौकोनांत तो भोंक पाडणार होता त्याच्या बरोबर मधून आजींच्या खोलीकडे गेली होती. तीच इन्व्हर्टरची नळी. मेन बंद करून त्यानें घाव घातला असता, तर तो याच तारेवर बसला असता. जेवणाच्या आधीं होणारें काम कदाचित् त्याच्या आयुष्यांतलें शेवटचें ठरलें असतें.

यापुढचा प्रश्न, तार हलवावी कीं जाळी? पुष्कळ ठिकाणीं घाईंत तिसराच मार्ग स्वीकारतात. तार थोडी ओढून, वांकवून भोंकाच्या कडेला दाबतात आणि वरून सिमेंट लिंपतात. कोठें ती अपुरी पडली तर तुकडा जोडून चिकटपट्टी गुंडाळतात आणि सांधा भिंतींत पुरून टाकतात. हा मार्ग सर्वांत वाईट. पुरलेला सांधा म्हणजे पुरलेला निखारा. सांधा करावाच लागला, तर तो पेटींत, योग्य जोडणीनें आणि झांकण उघडून केव्हांही पाहतां येईल अशा जागीं असला पाहिजे. तार हलवावयाची झाली तर ती एका सांधापेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत अखंड, नव्या नळींतून, वाऱ्याच्या मार्गाला बाहेरून वळसा घालून न्यावी. हें काम अनुज्ञप्तिधारक विद्युत् ठेकेदाराकडूनच करून घ्यावें; दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडलीं तर कायद्यालाही हेंच अपेक्षित आहे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम आणि भारतीय मानक ७३२ हे या कामाचे आधार होत.

परंतु पुष्कळदां तार हलविण्यापेक्षां जाळी हलविणें सोपें आणि सुरक्षित असतें. त्या घरांत जाळीची जागा दीड फूट डावीकडे सरकविली आणि प्रश्न मिटला. हवेला दीड फुटाचें कांहीं वाटत नाहीं. जाळी कोठें नसावी एवढें पाहिलें म्हणजे झालें. ती स्वयंपाकघरांत नसावी, न्हाणीघरांत नसावी, कपाटामागें नसावी, आणि थंड हवेच्या जाळीच्या अगदीं शेजारीं नसावी. नाहींतर गार हवा खोलींत न फिरतां शेजारणीकडे डोकावून परत जाते.

जाळी केवढी असावी, याचाही हिशेब आहे. यंत्राच्या प्रत्येक टनामागें दर मिनिटाला सुमारें ४०० घनफूट हवा फिरावी लागते, असा ठोकताळा आहे. ही हवा शांतपणें, सेकंदाला सुमारें दोन मीटर वेगानें जाळींतून जावयाची असेल, तर दर टनामागें सुमारें एक चौरस फूट मोकळी जागा लागते. जाळीच्या पट्ट्या बरीच जागा अडवितात. म्हणून चौकट त्याहून मोठी घ्यावी लागते. जुनी जाळी बुजवून नवी लहान पाडली, तर ती रात्रभर शीळ घालीत राहते आणि घरांतील माणसें यंत्राला दोष देतात. भोंक मोठें असेल तर वरच्या विटांना आधार म्हणून आडवी पट्टी द्यावी लागते. आणि जुन्या घरांत भिंत भार वाहणारी आहे, कीं लाकडी खांब-तुळयांच्या मधली नुसती भरती आहे, हें जाणत्याला दाखविल्याशिवाय तिला हात लावूं नये.

भोंक पडलें, आणि माळा प्रथमच नीट उजेडांत आला. त्यांत न्हाणीघरांतील पाणी तापविणाऱ्या यंत्राच्या तारा उघड्या पडलेल्या होत्या, दोन सांध्यांवरील चिकटपट्टी सुटली होती, आणि उंदरांनीं एका तारेचें वेष्टन कुरतडलें होतें. आजवर यंत्र हा सारा माळाच परतीचा मार्ग म्हणून वापरीत होतें. म्हणजे सगळें घर या सुटलेल्या सांध्यांवरून वाहणारी हवा श्वासांत घेत होतें. वायरमननें सांधे पेटींत घेतले, तारा नळींत घातल्या आणि नळ्यांचीं तोंडें लुकणानें बंद केलीं. यंत्रवाल्यानें नव्या जाळीपासून यंत्रापर्यंत स्वतंत्र बंदिस्त मार्ग केला. वाऱ्याला त्याची खोली मिळाली आणि विजेला तिची. जाळीच्या धातूच्या चौकटीला अर्थिंग दिलें. जुन्या भोंकाच्या जागीं विटा आल्या. आजींच्या खोलीच्या दारावर, आधीं भिंत तपासून, एक लहान जाळी बसविली, म्हणजे दार लावलें तरी हवा बोळांत परत येऊं लागली.

न्हाणीघराच्या संबंधांत एक गोष्ट श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. ज्या घरांत गॅसवर पाणी तापविणारें यंत्र आहे, तेथें परतीच्या मार्गाची ओढ न्हाणीघरापर्यंत पोंचतां कामा नये, आणि न्हाणीघराचा झरोका कधींही बुजवूं नये. अपुऱ्या हवेंत गॅस जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. माणूस गुंगतो आणि पडतो. असें यंत्र न्हाणीघराच्या आंत न बसवितां बाहेर मोकळ्या हवेंत बसविणें हेंच शहाणपणाचें. थंडी वाजते म्हणून, किंवा गार हवा वायां जाते म्हणून झरोके बुजविण्याची जी आवड अलीकडे दिसते, ती किती महाग पडूं शकते, याचें हें एक उदाहरण. शिवाय परतीची हवा म्हणजे नवी हवा नव्हे. तीच हवा पुन्हां पुन्हां फिरत असते. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ तरी खिडक्या उघडून बाहेरचा वारा घरांत घेतला पाहिजे.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग आलाच, तर काय करावें? विजेचा धक्का बसून कोणी तारेला चिकटला असेल, तर त्याला हातानें धरूं नये. प्रथम मेन आणि इन्व्हर्टर बंद करावे. तें शक्य नसेल तर कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लांकडानें त्याला तारेपासून दूर करावें, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याचा श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छातीवर जोरानें व भरभर दाब देत राहावें. जाळींतून जळका वास आला तर प्रथम यंत्र बंद करावें, म्हणजे धूर वाटणारा हात थांबेल. आणि विजेच्या आगीवर पाणी कधींही टाकूं नये.

काम संपल्यावर नाना मजुरी देऊं लागले, तेव्हां वायरमननें एक कागद मागितला. त्यावर त्यानें बोळाची भिंत काढली, मुख्य पेटी काढली, चारी नळ्या आंखल्या आणि प्रत्येकीची जमिनीपासूनची व कोपऱ्यापासूनची मापें लिहिलीं. तिरप्या नळीपुढें त्यानें लाल शाईनें लिहिलें, "इन्व्हर्टर." नव्या जाळीची जागा आणि तारीख घातली आणि तो कागद मुख्य पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूला चिकटविला. आजींनीं चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "बरें झालें. मी आहे तोंवर विचाराल. पुढें कोणाला विचाराल?"

प्रत्येक घरांत असा एक कागद असावा. घर बांधतांना, प्लास्टर होण्याच्या आदल्या दिवशीं, प्रत्येक भिंतीचें छायाचित्र काढून ठेवणें तर आज कोणालाही शक्य आहे. खिशांतल्या फोननें तें एका मिनिटांत होतें. पंधरा-वीस वर्षांनीं कोणी दुसराच गवंडी, दुसऱ्याच कामासाठीं, त्याच भिंतीपुढें छिन्नी घेऊन उभा राहील. त्या वेळीं त्याला थांबवावयास कदाचित् आजी नसतील. पण तो कागद असेल.